धुतलेली गाजरं

धुतलेली आहेत म्हणून शेतातली नाहीत? अहो ताई, गाजरं शेतात नाही तर काय नळाला येतात? — नाही, रागावलो नाही, माझा आवाजच असा आहे. पण सकाळपासून तेच चाललंय. हातात घेतात, उलटंसुलटं करतात, वास घेतात आणि म्हणतात, इतकी स्वच्छ कशी? स्वच्छ कशी म्हणजे? धुतली म्हणून स्वच्छ! पहाटे उठून, टबात घालून, गोणपाटानं एकेक चोळलंय. माझे वडील धुवायचे, मी धुतो. मळकं गाजर गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे पारोशानं पाहुण्यांपुढं जाऊन बसणं. आणि तो शेजारचा टोपीवाला बघा — बघा, पण एकदम वळून नका बघू — केवढी गर्दी! का, तर माती. घाऊक बाजारातली खोकी आणतो, गाडीमागं फोडतो आणि गाजरांना बादलीतला चिखल फासतो. ब्रशनं! ब्रशनं, ताई! खरं तर त्याला तिकडं चित्रवाल्यांच्या रांगेत बसवायला हवा.

घ्या, चावून बघा. फुकट आहे, घ्या. — लागलं ना गोड? मग! पण कोणाला सांगता. इथं येणाऱ्या लोकांना खायचं कमी आणि फोटो काढायचे जास्त. सगळे बाजार फिरलोय मी या शहरातले. बुधवारी स्टेशनामागचा, शनिवारी शाळेच्या मैदानावरचा, रविवारी हा बागेतला. सगळीकडं तेच — एका बाजूला आम्ही खाण्याचे, दुसऱ्या बाजूला ते बघण्याचे, आणि मधल्या वाटेनं माणसं कुत्री फिरवतात. परवडतं का? कसलं परवडतंय! गाडीचं डिझेलही सुटत नाही. मग कशाला येतो? — आता आलोय तर आलोय. माणसानं बाहेर पडावं जरा.

हे कागदात काय आहे? तिकडून घेतलंत, समोरच्या मातीच्या भांड्यांतून? दाखवा, दाखवा — पाडत नाही, हात कोरडे आहेत माझे. हां. वाडगा. आता ही कड बघा, एका बाजूनं खाली गेलीय. खाली ठेवला की डुलणार. असला वाडगा घेऊन माणसानं जेवायचं की सांभाळत बसायचं? आणि तुम्ही लोक हौसेनं घेता! माझं गाजर जरा वाकडं निघालं तर बाजूला काढता की नाही? — नाही काढत? बरं. रंग चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. रंगाचा हात तिचा लहानपणापासून चांगला आहे. कोणाचा म्हणजे? तिचा. त्या पोरीचा. — हो, ओळखतो. लेक आहे माझी.

त्यात एवढं काय आश्चर्य करायचं? असतात लेकी लोकांना. बोलत नाही ती माझ्याशी. मी बोलतो का? मी कशाला बोलू, मी काय केलंय? तुम्हीच सांगा. आमच्या खालच्या वावरात, जिथं पाणी साठतं, तिथं चिकण माती आहे. ती खणायला लागली. आधी घमेलंभर, मग दोन, मग चांगला कमरेएवढा खड्डा झाला. शेतात खड्डा! कोणी पडलं, पाय मोडला, मग? मी बुजवला. ट्रॅक्टर होताच लावलेला, दोन फेऱ्या मारल्या, सपाट केलं, वर गाजर पेरलं. झालं! ती शहरात होती तेव्हा — विचारायचं काय त्यात, शेत माझं. आली, बघितलं. भांडली असती तर मीही भांडलो असतो, मोकळे झालो असतो दोघं. सरळ बॅग भरली. तिची आई म्हणते, तुम्ही खड्डा नाही, पोरीचा कारखाना बुजवला. आता बाईनं असं म्हटल्यावर घरात जेवण कसं उतरायचं घशाखाली?

आणि आता माती विकत घेते म्हणे! पिशवीतली! घरची माती सोडून पिशवीतली माती — ऐकलंय का कधी? कड वाकणारच. ही माती धड नाहीच. मी बोटानं बघितलं ना आत्ता, आमच्या मातीसारखी नाही ती. आमची लोण्यासारखी आहे. बाजूला काढून ठेवलीय मी थोडी — थोडी म्हणजे पोत्यांत, शेडमध्ये. येईल न्यायला. माझ्यावरच गेलीय, वेळ लागतो आम्हाला. मी काही घाईत नाही. दर आठवड्याला इथं समोरच तर असतो दोघं. आज ना उद्या पाणी मागायला येईल, सुटे मागायला येईल, मी म्हणेन, घे. सुरुवात कुठून तरी होतेच.

अर्ध्या किमतीत? हा वाडगा? छे, काहीतरी चुकतंय तुमचं. ती एक पैसा कमी करत नाही कोणाला. मागच्या रविवारी घासाघीस करणाऱ्या एका बाईच्या हातातून बशी काढून घेतली तिनं, मी इथून पाहिलं. — सगळंच अर्ध्यात? का? आवरते म्हणजे? आज लवकर आवरते असं म्हणाली असेल. — कायमचं? तुम्हाला म्हणाली? दुसरीकडं म्हणजे कुठं, कुठल्या गावाला? — नाही विचारलंत. बरोबर, तुम्ही कशाला विचाराल.

खोकी भरतेय का ती? मला इथून नीट दिसत नाही, ऊन आहे. — टेबलावरचं कापड काढलं? — नको, पैसे नकोत, असू द्या ती गाजरं, घेऊन जा. टोपीवाल्याला सांगा लक्ष ठेव म्हणून, नाहीतर नका सांगू, नेईना का कोणी. — सरका ना ताई. वाटेत उभ्या आहात तुम्ही.