पाय जमिनीवर, तोंड घराकडे

...आणि वर मलाच विचारतो, "ढवळू, तू मोहिमेवर होतास तरी कधी?" आता याला काय बोलायचं, सांगा! अंगातली खाकी बंडी उन्हाने पांढरी पडली, समुद्रापलीकडे बसऱ्याच्या चिखलात टाचा फुटल्या, डावा कान कामातून गेला, आणि आमच्या साखरशेतचा पाटील, जो उभ्या जन्मात जव्हारच्या पुढे गेला नाय, तो मला विचारतो, होतास कधी! बसा, बसा, उठू नका. टोपली घ्यायची नसली तर नका घेऊ, मोखाड्याचा बाजार उठायला वेळ आहे अजून, निदान ऐकून तरी जा. पण त्या बाजूला नको, इकडे बसा, उजव्या कानाला.

तर ती विलायतेची मोठी लढाई चालली होती ना, तेव्हाची गोष्ट. गावोगाव दवंडी फिरली, माणसं पाहिजेत, बंदूक धरता आली नाय तरी चालेल, ओझं उचलता आलं पाहिजे. एक वर्ष मोहीम, मग घरी. एक वर्ष! आमच्याकडे वर्ष म्हणजे काय, एक नागली पेरली, एक नागली झोडली, एक होळी पेटली, संपलं वर्ष. हिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी म्हणलं, एक होळी चुकेल, फार तर. ती काय म्हणाली? "एक चुकव, दोन चुकव, तिसरी चुकवलीस तर मी नाय हां!" हसत म्हणाली. मीपण हसलो. हसायचंच वय होतं ते.

का म्हणाली, सांगतो. आमच्या पाड्याची रीत आहे. होळीला प्रत्येक घराने एक लाकूड टाकायचं, आणि ते घरच्या पुरुषाने स्वतःच्या खांद्यावरून आणून टाकायचं. ज्या घराचं लाकूड तीन होळ्या पडलं नाय, ते घर विझलं. मग बाईचा बाप येतो, तिला घेऊन जातो आणि दुसऱ्याशी तिचा पाट लावून देतो. वाईट रीत नाय हो ती! पुरुष जातात लाकूडतोडीला, जातात मुंबईला, तिकडेच राहतात नायतर तिकडेच मरतात. बाईने किती वर्षं उंबऱ्यावर बसायचं? पण पाटील भला माणूस. मी, बाळ्या आणि पोश्या असे तिघे निघालो, तेव्हा सगळ्या पंचांसमोर बोलला, "पोरं सरकारच्या मोहिमेवर चाललीत. मोहिमेवर असताना जी होळी पेटेल ती चुकली म्हणून धरायची नाय." ऐकलंत? धरायची नाय! मी म्हणलं, देव माणूस! आता दहा वर्षं लागली तरी माझं घर जळतं राहील.

मुंबईला गेलो, तर जहाजच नाय. गोदीजवळ तंबूत बसवलं. रोज सकाळी रांग, रोज संध्याकाळी रांग, मधे डाळ. होळी आली, लांबून कोळ्यांची होळी दिसत होती, आम्ही तिघे तोंडं बघत बसलो. मी आमच्या पलटणीच्या कारकुनाला विचारलं, घाटावरचा होता, बारीक आवाजाचा, साहेब, वर्षातले एवढे महिने तर झाले ना? तो असा चष्मा वर करून बघतो माझ्याकडे, "कसले महिने? तू अजून इथेच आहेस की! मोहीम म्हणजे पाय मोहिमेच्या जमिनीवर पाहिजे. हे दिवस धरत नाहीत."

धरत नाहीत! बरं, नका धरू. मग जहाज. जहाजात आम्ही आणि खेचरं एकाच मजल्यावर, आणि खेचरांना वारा जास्त लागायचा. तिथे बाळ्याला पटकी झाली. समोर बसऱ्याची खजुराची झाडं दिसायला लागली होती, बाळ्याला मी उचलून दाखवली, म्हणलं बघ, आलं. त्याने बघितली. दुपारी गेला. चादरीत गुंडाळून पाण्यात सोडला. आणि त्याच कारकुनाला मी विचारलं, साहेब, याच्या आईला काय सांगू, मोहिमेवर गेला म्हणून सांगू? "पाय लागले होते का जमिनीला?" नाय. "मग वाटेत गेला म्हणून सांग. मोहिमेत धरत नाहीत." तुम्हाला सांगतो, मला तेव्हा त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पण तो दुष्ट नव्हता हो! त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने धरत नाहीत, धरत नाहीत!

मग पाय लागले जमिनीला. आणि जमीन म्हणजे काय! एक डोंगर नाय, एक टेकाड नाय, जिकडे बघाल तिकडे खरवडलेल्या तव्यासारखं सपाट. आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला चढ लागला की पाय चालतात. तिथे पायांना कळेचना कुठे जायचंय. पेट्या वाहिल्या, गोणी वाहिल्या, माणसं वाहिली, अर्धी जिवंत, अर्धी... जाऊ द्या. एकदा गोळा जवळ फुटला, तो हा कान. ते दिवस मात्र धरले हां! एकेक धरला! पोश्या तर दगडासारखा, त्याला शिंकसुद्धा आली नाय, त्याचं वर्ष सरळ सरलं आणि तो गेला घरी. मी मात्र तापाने पडलो. दवाखान्यात खाटेवर, असा थरथरत, की शेजारच्याची खाट हलायची. दुसरी होळी तिथेच गेली, पोश्या घरी निघायच्या आधी तिथे बघायला आला होता. बरा होऊन आलो, तर कारकून, "दवाखान्यातले महिने धरत नाहीत." मी म्हणलं, का? बसऱ्यातच तर होतो, माझा पाय काय आभाळात होता? "पाय खाटेवर होता." आता बोला!

ते खाटेवरचे महिने पुन्हा भरून काढले. लढाईही संपली. म्हणलं, आता सुटलो. तर जहाज नाय! सगळं जग घरी निघालं होतं, साहेब आधी, घोडे मग, ढवळू शेवटी. बसऱ्याच्या काठावर बसलो, दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि मला धडकी भरायला लागली, कारण तिसरी होळी येत होती. पण मनात म्हणायचो, वेड्या, पाटलाने शब्द दिलाय, मोहिमेवरची होळी धरायची नाय! आणि सहज, नुसतं जिवाला बरं वाटावं म्हणून, कारकुनाला विचारलं, साहेब, आता तर पाय जमिनीवर आहे, आता तर मी मोहिमेवर आहे ना? तो हसला हो, पहिल्यांदाच हसला. "पाय जमिनीवर आहे, पण तोंड कुठे आहे? घराकडे! तोंड घराकडे वळलं की मोहीम संपली. हे दिवस धरत नाहीत."

पावसाच्या तोंडावर मी साखरशेतला आलो. घराला कडी. आत चूल थंड, उंदरांनी माती उकरलेली. तसाच पाटलाकडे गेलो. म्हणलं, पाटील, तुम्ही शब्द दिला होता! तो म्हणाला, "शब्द पाळला रे पोरा. पाळायचा म्हणूनच तिसऱ्या होळीला पोश्याला पंचांसमोर बोलावलं. आता त्याला सगळं माहीत, तो तिथून आलेला. विचारलं, पहिल्या होळीला ढवळू मोहिमेवर होता?" आणि पोश्या, माझा जिवाचा दोस्त, जो उभ्या जन्मात कधी खोटं बोलला नाय, आग लागो त्याच्या खरेपणाला, म्हणाला, नाय, मुंबईला होता, ते मोहिमेत धरत नाहीत. दुसऱ्या? दवाखान्यात होता, धरत नाहीत. आणि तिसऱ्या? "त्याचं वर्ष तर भरलं असेल आता, मग मोहीम कसली?" झालं! तिन्ही होळ्या चुकल्या! जिथे जिथे मी मोहिमेवर होतो तिथे एक होळी पेटली नाय, आणि जिथे जिथे होळी पेटली तिथे मी मोहिमेवर नव्हतो. म्हणूनच मग पाटील मला विचारतो, "तू मोहिमेवर होतास तरी कधी?" त्याला खरंच कळत नव्हतं हो.

पोश्या आला, रडला, पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, खोटं कसं बोलू, तिथे असंच म्हणतात ना? त्यानेच सांगितलं. तिसऱ्या होळीला हिरी एकटी रानात गेली, ऐनाचं लाकूड तोडलं, स्वतःच्या खांद्यावर आणलं. एवढं मोठं! आणि पाटलाने हात आडवा केला, "बाईचं लाकूड धरत नाय गं." ती लाकूड घेऊन उभी राहिली. आग विझली तरी उभी. सकाळी तिचा बाप आला.

दाभोसा गावात दिलंय तिला. गेलो होतो मी, कशाला खोटं बोलू. भाताच्या लावणीत होती, चिखलात. मला बघून ताठ उभी राहिली. नवरा बांधावर होता, चांगला वाटला, त्याने मला तंबाखू दिली. हिरी म्हणाली, "जिवंत आहेस?" मी म्हणलं, आहे. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. मी सगळ्यांना सांगत होते." आणि वाकून पुन्हा लावायला लागली. मला तर ओरडून रडावंसं वाटत होतं, पण तिथे माणसं होती, आणि चिखलात उभ्या बाईला थांबवून ठेवायचं नसतं.

असो. आता टोपल्या विणतो, बाजाराला येतो. ही गेली होळी आली तेव्हा म्हणलं, ढवळू, झालं ते झालं, घर तर आपलं आहे! रानात गेलो, चांगलं जाडजूड ऐनाचं लाकूड आणलं, माझ्या स्वतःच्या खांद्यावर, पाय पाड्याच्या जमिनीवर, तोंड होळीकडे, सांगा, आता काही चुकलं का? टाकलं आगीत. पाटील जवळ आला, पाठीवर हात ठेवला, मायेने हो, आणि म्हणाला, "पोरा, घरात बाई नसली की ते घर नाय. तुझं लाकूड टाक तू, जळू दे... पण धरत नाय."