धाकटीचा राजीनामा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या हक्क संघटनेचे बंधुभगिनी आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी धाकटी बहीण,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. थोरलीच्या वाट्याला नेहमी दोनच येतात, असो.

आपल्या वस्तीतल्या माणसांनी इस्पितळात मागच्या दारानंच जायचं, हा नियम मोडायला ही संघटना काढली मी. पहिली सभा माझ्या स्वयंपाकघरात झाली, तेव्हा या बाईसाहेब कप विसळत होत्या. पुढं ती बोलायला उभी राहिली आणि लोक तिचेच झाले. मला हेवा वाटला का? वाटला. तुमच्यापासून काय लपवायचं?

पाच महिन्यांपूर्वी पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर कुणीतरी तिच्या डोक्यात गज घातला. त्या दिवशी मीही बरोबर असणार होते. पण पत्रकावर माझं नाव तिच्याखाली छापलं, म्हणून रुसून घरी बसले होते. ती वाचली तेव्हा मी मनापासून रडले. आणि आठवड्याभरात तिच्या सरचिटणीसपदाच्या खुर्चीत बसले, तेही मनापासूनच.

एकदा इस्पितळातल्या खाटेवरून म्हणाली, "ताई, मला आता पायऱ्यांची भीती वाटते गं. माझा राजीनामा लिही." एरवी साध्या अर्जाला मला दोन दिवस लागतात. हा दहा मिनिटांत लिहिला. उजवा हात लुळा पडलेला, तिनं डाव्यानं सही केली.

आजचा कार्यक्रम मी तिच्या निरोपाचा म्हणून ठरवला होता. पण ही तिथं पडल्या पडल्या बघत होती. आपल्या माणसांच्या खाटा संडासाला लागून, जेवणाचं ताट सगळ्यांच्या शेवटी. गेल्या आठवड्यात काठी टेकत आली नि म्हणाली, "दाराबरोबर आता खाटांचंही हाती घ्यायचं. सोमवारी पायऱ्या चढू." राजीनाम्याबद्दल अवाक्षर नाही.

अध्यक्ष महोदय, तो कागद आज इथं वाचून दाखवायचा, असं ठरवूनच मी आले होते. हा घ्या. तुम्हीच फाडा. सकाळपासून तीनदा हातात घेतला, माझ्यानं फाडवत नाही.

माझं मन मोठं झालं, असं मात्र समजू नका. टाळ्या तिलाच जास्त पडतात आणि मी अजूनही जळते. पण सोमवारी तिच्या उजव्या बाजूला मी असेन.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आणि धाकटे, घरी माझ्यानं कधीच होणार नाही, म्हणून चारचौघांत मागते. मला माफ कर.