दुखवट्याला बस्ता म्हणू नका

सुरेखावहिनी, उमाकांतभाऊंच्या आई, शेठजी, धाकटे शेठ, नांदेड-लातूरच्या दुकानांतले माझे सोबती आणि जळकोटहून आलेली वहिनींच्या माहेरची मंडळी. भाऊंच्या ह्या शोकसभेत मला बोलायला उठवलं खरं, पण आधीच सांगते.  आज मला रडू कमी आणि किळस जास्त येऊन राहिलीय. गोड काही ऐकायला बसला असाल तर माफ करा.

मी शैलजा. लातूरच्या आपल्या कापड दुकानाची मॅनेजर. उमाकांतभाऊ नांदेडच्या ऑफिसात बसायचे. त्यांचं काम नेमकं काय, हे वहिनींच्या माहेरच्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. बिल करताना आपण गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर घेतो ना, त्यावरून कोण कधी आलं, किती वेळा आलं, किती कापड नेलं, हे ते कंप्युटरवर गाववार चित्रात मांडायचे. एक गिऱ्हाईक म्हणजे एक ठिपका. नुकतंच येऊन गेलं तर हिरवा. बरेच महिने फिरकलं नाही तर लाल. खरेदी मोठी तर ठिपका मोठा. झकास काम होतं हो! कोणत्या गावचं गिऱ्हाईक तुटलं ते मला लातुरात बसून कळायचं. सणाला माल किती भरायचा ते मी त्यावरूनच ठरवायचे. चित्रावर माझा राग नाही.

राग कशावर आहे ते ऐका. लग्नाचं कापड एकगठ्ठा नेलं की आपण म्हणतो बस्ता बांधला. धाकट्या शेठनी ठरवलं, एका बिलावर ढिगानं साड्या, टॉवेल, टोप्या दिसल्या की तो बस्ता धरायचा. ठिपका सोनेरी करायचा. घरी अभिनंदनाचा मेसेज, जवळचं गाव असेल तर पेढे. ठीक. पण मंडळी, टॉवेल-टोपी आपण लग्नालाच नेतो काय? दुखवट्याला नेत न्हाई? माणूस गेलेल्या घरी सोयरे टॉवेल-टोपी नेतात, बायांना साडी नेतात. हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागतं का? लागलं. आमच्याच ऑफिसात लागलं.

धर्माबादला एका घरी आपली माणसं पेढे घेऊन गेली. फेटे बांधून. दारात मांडव होता, बाया बसल्या होत्या. ह्यांना वाटलं लग्नघर. त्या घरचा कर्ता माणूस गेला होता!

माफी मागायला कोण गेलं? शेठ नाही गेले. उमाकांतभाऊ गेले. परत येताना मला फोन केला. म्हणाले, "ताई, त्या म्हातारीनं मला बसवून चहा पाजला हो. दारी आलेल्या माणसाला तसंच कसं धाडू, म्हणाली. मला तो घोट गिळवला न्हाई."

पुढच्या मीटिंगला त्यांनी एकच गोष्ट मागितली. बिलाच्या स्क्रीनवर एक खूण द्या. दुखवटा. काउंटरवर गिऱ्हाईक स्वतःच सांगतं, जरा फिक्कं दाखवा, दुखवट्याला न्यायचंय. तेवढी खूण केली की ती खरेदी बस्त्यातून बाहेर, आणि त्या घरी वर्षभर मेसेज बंद. एवढंच. लई मोठं मागितलं का?

धाकटे शेठ काय म्हणाले माहीत आहे? "उमाकांतराव, मरणाची खरेदी काढली तर पावसाळ्यात, लग्नं नसताना, सोनेरी उरतं काय? पैसा लावणाऱ्या पार्टीला हा स्क्रीन दाखवायचाय." मी होते तिथं. शेठजी, तुम्हीही होता. नुसतं चहात बिस्कीट बुडवत बसलात. 

भाऊंनी पुन्हा विषय काढला. पुन्हा काढला. उत्तर एकच, बघू. बघू बघू म्हणता ते ऑफिसातच खुर्चीवरून कोसळले आणि गेले.

त्यांच्या दुखवट्याचं कापड कुठून आलं? आपल्याच दुकानातून. नंबर विचारला, मेहुण्यांनी सवयीनं भाऊंचाच दिला. मग भाऊंच्या फोनवर मेसेज आला. फोन वहिनींच्या हातात होता. वहिनी, वाचू का?

हाव, वाचा म्हणतायत. ऐका. "अभिनंदन उमाकांतजी! आपल्या घरच्या मंगलकार्यात आम्हाला सहभागी करून घेतल्याबद्दल आभार. पुढच्या खरेदीवर खास सूट."

मंगलकार्य! थू! काल मी ऑफिसात गेले, तर भिंतीवरच्या टीव्हीवर नांदेडात एक मोठ्ठा सोनेरी ठिपका. त्यावर नाव उमाकांत. ज्यानं ते चित्र उभं केलं, त्याचंच मरण त्यात चमकून राहिलं होतं. आणि धाकटे शेठ मला म्हणतात, "ह्या महिन्याला नांदेड छान दिसतंय, ताई."  आज इथं बघा, बॅनरवर भाऊंच्या फोटोपेक्षा दुकानाचं नाव मोठं. लाज कशी वाटत नाही?

मला श्रद्धांजली वाहायला सांगितलंय. मी नुसती तोंडानं वाहणार नाही. भाऊंनी ती खूण बनवून ठेवलेली आहे, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त वरून चालू करायची राहिलीय. धाकटे शेठ, सभेचे फोटो टाकायला लॅपटॉप आणलाच आहे तुम्ही. करा चालू. आत्ता. मला कामावरून काढायचं तर उद्या काढा. पण ह्या घडीला कुठल्या तरी घरात असाच मेसेज वाजत असेल, आणि इथं आपण मान खाली घालून उभं राहायचं? मी न्हाई राहणार. मी थांबते. सगळेच थांबू.

काय झालं? ऑफिसात गेल्यावर बघू? परत बघूच?

शेठजी, तुम्ही कशाला उठलात? बसा ना.

हं. तुम्हीच चालू करता? धाकटे शेठ, द्या, वडलांकडे द्या तो लॅपटॉप. कुणीतरी दाखवा त्यांना कुठं दाबायचं ते. चष्मा द्या त्यांचा.

झालं? मोठ्यानं सांगा शेठजी, आईंना कमी ऐकू येतं.

झालं म्हणतायत, आई.

बसू नका शेठजी. असेच उभे राहा. मंडळी, आपणही उठू या. उमाकांतभाऊंसाठी. आता कुणी काही बोलू नका.