क्रीम लावून तासभर

पहिलं सिटिंग

सायली : …आणि प्रेग्नंट नाही ना? सगळ्यांना विचारावं लागतं. पोटुशी बाईला लेसर करत नाही आम्ही. पाजणारीलाही नाही.

स्वप्नाली : नाही.

सायली : मग हात इकडे. क्रीम कोण लावतंय, मी लावू?

कुशाबाई : मी लावते. आन हिकडं.

सायली : चोळायचं नाही मावशी. जाड थर द्यायचा, गोंदलेली अक्षरं झाकली पाहिजेत. वरून हे प्लॅस्टिक.

कुशाबाई : भाकरीवर लोणी देत्यात तसं.

सायली : हां, तसंच. आता तासभर बसा. हात बधिर झाला की मी बोलावते. तुम्ही आई का यांच्या?

कुशाबाई : सासू.

सायली : अरे वा! सासूबाई स्वतः घेऊन आल्यात. आणि हे नाव, हनुमंत म्हणजे कोण?

कुशाबाई : माझा ल्योक.

सायली : म्हणजे यांचे मिस्टर? मग काढताय कशाला?

स्वप्नाली : दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. यवतच्या पुढं, हायवेला. गाडीवर होते.

सायली : सॉरी हं, ताई. मी मघाशी ते प्रेग्नंटचं विचारलं, तेही सॉरी.

कुशाबाई : तुला काय माहीत, बाय. हिचं लगीन हाय दिवाळीच्या पुढं. वढू बुद्रुकचा पोरगा हाय, सुदर्शन. मीच जमवलंय.

स्वप्नाली : त्यांचं काही म्हणणं नाही ह्या नावाला. असू दे म्हणले.

कुशाबाई : असू दे म्हणला म्हणून तर काढायचं. खडूस असता तर मीच म्हणले असते, राहू दे, बघ म्हणावं रोज सकाळी उठून.

सायली : तुम्ही भारीच आहात. बसा, मी आतलं पेशंट बघते.

स्वप्नाली : आत्या, बोट काढा. थर पुसला जाईल.

कुशाबाई : प्लॅस्टिकवरनं फिरवतीया की. त्याला काय हुतंय?

स्वप्नाली : बरं, फिरवा.

कुशाबाई : जत्रंतनं आला तवा ह्येवढा हात सुजला हुता त्याचा. आबा म्हणलं, काय चावलं रं?

स्वप्नाली : आणि हे म्हणले, स्वप्नाली.

कुशाबाई : हसू नको, प्लॅस्टिक सुटंल.

स्वप्नाली : आधी स्वतः बसले मशीनवाल्यापुढं. माझं नाव गोंदून घेतलं. मग म्हणले, आता तू बस, एकट्याला दुखलं असं नको.

कुशाबाई : आंघूळ घालताना बघितला म्या तो हात. सगळं अंग खरचटलेलं, आन् तुझं नाव तेवढं चांगलं. ते तो घिऊन गेला, स्वप्ने. जळून बी गेलं. मग त्याचं तू का वागवायचं? फिटलं.

स्वप्नाली : असं फिटतं का, आत्या?

कुशाबाई : न्हाई फिटत. तरी म्हणायचं.

दुसरं सिटिंग

कुशाबाई : पर शाई जाती कुठं? धूर तर दिसला न्हाई मागल्या बारीला.

सायली : धूर नाही होत. लेसरनं शाईची भुकटी होते. मग आपलं अंगच ती हळूहळू उचलून नेतं. म्हणून तर दोन महिने थांबायचं. थोडी लघवीवाटे जाते, थोडी काखेतल्या गाठींमध्ये जाऊन बसते.

कुशाबाई : बसती म्हंजी? कवापतूर?

सायली : तिथली नाही निघत मावशी. कायमची. पण दिसत नाही आणि त्रासही काही नाही.

कुशाबाई : ऐकलंस का गं? काखंत जाऊन बसला. ल्हानपणी बी असाच. पाव्हणं आलं की माझ्या काखंत त्वांड घालायचा, ते उठूस्तवर बाहेर काढायचा न्हाई.

स्वप्नाली : मोठेपणी पण तसंच होतं त्यांचं. पाहुणे आले की गोठ्यात.

सायली : आणि जत्रेतली शाई आहे ना, ती लवकर जाते. पाच सिटिंगमध्ये साफ होईल हात.

कुशाबाई : येवढ्यातच?

सायली : लोकांना दहा-दहा लागतात. नशीबवान आहात तुम्ही.

कुशाबाई : व्हय. नशीबवान.

सायली : चला, क्रीम लावून बसा. मावशी, तुम्हीच लावणार ना?

कुशाबाई : आणिक कोण लावंल?

स्वप्नाली : आत्या, केवढा जाड थर देताय?

कुशाबाई : एक सांगून ठिवते. लगीन झाल्यावर खुटबावला माझ्याकडं यायचं न्हाई.

स्वप्नाली : का?

कुशाबाई : लोकं दोन्हीकडनं बोलत्यात. तिकडली झुंबरबाई चांगली हाय, पर सासूच हाय ती. पहिल्या घरी कशाला जाती, म्हणंल. पोर असतं एखादं तर त्याच्या निमित्तानं आली असतीस. ते बी न्हाई.

स्वप्नाली : म्हणजे आपण भेटायचंच नाही?

कुशाबाई : हितं भेटायचं. हितं कोण काय बोलंल? पुसायलाच येतीयास तू. तू तिकडनं वढूवरनं ये, मी चौफुल्यावरनं न्हावऱ्याची यष्टी धरते. शिरूर दोघींना बी सारखंच पडतंय.

स्वप्नाली : आणि हे सगळं पुसून झाल्यावर?

कुशाबाई : हात सरळ धर. क्रीम वघळतीया.

तिसरं सिटिंग

सायली : चष्मे लावा दोघींनी. आणि ताई, हलायचं नाही. मागच्या वेळी हललात म्हणून फोड आला.

कुशाबाई : माझ्याकडं बघ. त्या दिव्याकडं बघू नको.

स्वप्नाली : हं.

कुशाबाई : काल शेळी व्याली.

स्वप्नाली : हं.

कुशाबाई : दोन करडं. एक पांढरं, एक तुझ्यावाणी.

स्वप्नाली : हं?

कुशाबाई : हट्टी. आईला सोडून बाजंखाली जाऊन बसतंय. आबा निस्तं त्याच्या मागं वाकून वाकून फिरत्यात. आन् कंबर दुखती म्हणून वरडत्यात माझ्यावर.

स्वप्नाली : आई गं!

कुशाबाई : सायले, दमानं की जरा!

सायली : झालं, झालं. हा खालचा कोपरा राहिला फक्त.

कुशाबाई : राहू दे कोपरा. पुढल्या बारीला कर.

सायली : दोन सेकंदांचं काम आहे मावशी.

कुशाबाई : तिला दुखतंय. राहू दे म्हणले ना.

सायली : बरं बाई. राहिला. घ्या, बर्फ धरा ह्यावर.

कुशाबाई : तिकडं कसं हाय? जेवतीस का येवस्थित?

स्वप्नाली : जेवते. सासूबाई तर सकाळपासून मागं लागल्या होत्या, तारीख चुकवू नको म्हणून. टिफिन पण त्यांनीच भरला.

कुशाबाई : बघ. म्या सांगितलं हुतं का न्हाई? पुसायला चाललीस म्हणलं की डबा मिळतो.

स्वप्नाली : सुदर्शन बाहेर उभे आहेत, गाडीपाशी. आत यायला लाजतात तुम्हाला.

कुशाबाई : मला? मी काय खाते का त्याला? ही शेंगांची पिशवी दे त्याला. तुला न्हाई, त्याला.

स्वप्नाली : तुम्ही आणल्या?

कुशाबाई : आबांनी. मी शिरूरला निघाले की ते काय बोलत न्हाईत, हूं न्हाई की चूं न्हाई. आज ही पिशवी उंबऱ्यात ठिवली आन् निघून गेले रानात. कुणासाठी, ते बी न्हाई सांगितलं.

स्वप्नाली : मग सुदर्शनसाठी कशावरून?

कुशाबाई : तुला भाजलेल्या आवडत्यात. ह्या कच्च्या हायेत.

चौथं (झालं नाही)

सायली : या या. आज तो कोपरा सोडणार नाही मी. नेहमीचं विचारते ताई, दिवस नाहीत ना?

(क्रीमची ट्यूब कुशाबाईंच्या हातात आहे, टोपण लावलेलंच.)

सायली : ताई?

स्वप्नाली : आहेत. परवाच कळलं.

सायली : अरे! अभिनंदन! पण मग आज नाही हं. बाळंतपण होऊन दूध सुटेपर्यंत नाहीच. वर्ष-दीड वर्ष धरा.

कुशाबाई : मग आलीस कशाला येवढ्या लांब, गाडीवर दणकं खात?

स्वप्नाली : तुम्ही निघाला असाल म्हणून.

कुशाबाई : फोन करायचा हुता. म्या काय चौफुल्यावरनं माघारी गेले नसते?

स्वप्नाली : फोनवर नव्हतं सांगायचं. तुम्हाला पहिलं सांगायचं होतं, असं समोर बसून. अजून घरी कुणाला माहीत नाही.

कुशाबाई : सुदर्शनला?

स्वप्नाली : त्यांना पण नाही.

कुशाबाई : येडी का खुळी तू? नवऱ्याच्या आधी मला सांगतीस? मी कोण?

स्वप्नाली : ते मला काय माहीत, कोण. सांगायचं होतं.

कुशाबाई : सायले, च्याची साखर असंल ना गं तुझ्याकडं? चमचाभर दे. हिचं त्वांड गोड करते.

सायली : देते की. थांबा हं.

स्वप्नाली : आत्या… रडताय का?

कुशाबाई : कोण रडतंय? तुझी क्रीम लागली डोळ्याला.

सायली : ट्यूब उघडली कुठंय अजून, मावशी?

कुशाबाई : तू साखर आण.

मधले आवाज (फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेले)

कुशाबाई : हॅलो? हॅलो. स्वप्ने, ह्यात बोलायचं का? हे बोट दाबून धरायचं म्हणली शेजारची पोरगी. तर काय, यष्टीनं फिरू नको. गाडीवर तर बसायचंच न्हाई आता. आन् मला डोहाळजेवणाला बोलवू नको. बोलवशील तर मी येणार न्हाई. बोट सोडू का आता?

स्वप्नाली : आत्या, बोलावते म्हणलं नव्हतं मी. सासूबाईच म्हणल्या, खुटबावच्या बाईंना सांगू का. मी म्हणलं, त्या येणार नाहीत. तरी त्यांनी साडी काढून ठेवलीय तुमच्यासाठी.

कुशाबाई : कंच्या रंगाची?

स्वप्नाली : आत्या, मुलगी झाली. काल पहाटे. आम्ही दोघी बऱ्या आहोत. हा आवाज ऐका, तिचाच आहे.

कुशाबाई : ऐकला. आबांनी बी ऐकला. परत लाव म्हणत्यात. परत लावला. आता फोनच मागत्यात, गोठ्यात शेरडांना ऐकवायला. कसली झोपती, सांग ना. उताणी का कुशीवर?

स्वप्नाली : माझ्या हातावर डोकं ठेवून. त्याच हातावर. ते नाव आता फिक्कट दिसतं, दगडावरच्या शेवाळासारखं. त्याच्यावर लाळ गाळते सगळी.

कुशाबाई : गाळू दे. पुसत बसू नको सारखी.

पाचवं (हेही नाही)

सायली : मावशी! किती दिवसांनी! आणि ही कोण परी?

कुशाबाई : हिला दृष्ट लावू नको. काळा टिक्का पुसलाय रस्त्यात.

सायली : ताई, हात बघू. अहो, थोडंच राहिलंय. कोपरा आणि हा एवढा पट्टा. पण अजून पाजताय ना हिला?

स्वप्नाली : हो.

सायली : मग मी सांगितलं होतं की, दूध सुटल्याशिवाय लेसर नाही.

स्वप्नाली : सांगितलं होतं.

सायली : मग एवढ्या लांबून आलात कशाला?

कुशाबाई : इचारायला.

सायली : ते मी फोनवर सांगितलं असतं.

कुशाबाई : फोनवर तुझं त्वांड दिसत न्हाई.

सायली : काय बोलायचं तुमच्यापुढं! हे बघा, दूध सुटलं की या. एकच सिटिंग लागेल. मग सुटलात तुम्ही.

कुशाबाई : एकच?

सायली : एकच.

कुशाबाई : स्वप्ने, कवापतूर पाजणार हाईस हिला?

स्वप्नाली : सासूबाई म्हणतात, वर्षभर बास झालं.

कुशाबाई : त्येंचं बरोबर हाय. वरसभर बास. हनुमंताला मातर म्या चार वर्सं पाजलं. बालवाडीतनं यायचा, दप्तर टाकायचा आन् थेट मांडीवर.

स्वप्नाली : आत्या!

कुशाबाई : म्या काय म्हणले का? आठवलं म्हणून बोलले.

सायली : मावशी, एक विचारू? तुम्ही आता हिच्या कोण लागता? म्हणजे ह्या छोटीच्या?

कुशाबाई : काय न्हाई लागत. आईचा हात दुखला, म्हणून धरलीया.

स्वप्नाली : माझा हात नाही दुखला.

कुशाबाई : दुखंल. लई जड हाय ही.

सायली : बरं, ऊन व्हायच्या आत निघा आता. आज क्रीम नाही लावायची, म्हणजे थांबायचंही काही कारण नाही.

कुशाबाई : तू जा, सायले, तुझं पेशंट बघ. आम्ही बसतो तासभर.