फाटकावरचा कॅमेरा

शिमग्याला आठ दिवस होते. महाडच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मुंबईचा पुतण्या आणि त्याचा उमरठचा काका कॅमेऱ्यांचं माहितीपत्रक उघडून बसले होते.

“काका, हा बघा. माणूस हलला की हा त्याच्या मागे फिरतो. पण ह्याला उजेड लागतो.”

“आनि तो दुसरा?”

“त्याला काळोखातपण दिसतं. पण तो फिरत नाही, एकीकडेच बघतो.”

“म्हंजे फाटकाकडं बघत बसनार. मागल्या परसात काय दिसनार नाय?”

“नाही.”

“मंग पयला घे. चहूकडं लक्ष ठेवील.”

“अहो, चोरी रात्री होते! गेल्या होळीला पोरांनी फाटकच नेलं माझं.”

“होळीच्या लाकडाला चोरी म्हनत नाय रे. रीत हाय ती.”

“रीत म्हणून सागाचं फाटक जाळायचं? केवढं जड होतं! पाच-सहा जण तरी लागले असतील. यंदा एकेकाचं तोंड बघतो मी.”

“तिघांनीच उचललं. साग नव्हता तो, विलास. सुतारानं फसवला तुला.”