अंगठा सावलीत राहिला

मी घाटनांदूरकडची, माहेर कासाराचं, सासरही कासाराचं, म्हणजे सारा जन्म बांगड्यातच गेला म्हणा. आई बाजारात बसायची, मी तिच्या मांडीवर. आई म्हणायची, बांगड्या भरायला आलेली बाई लक्ष्मी असती, छत्रीची सावली तिला द्यायची, आपण उनात बसायचं. मी बी तसंच करत आले.

औंदा चैतात ताप आला, लई दिस उतरंना. डागदरनं गोळ्या दिल्या, म्हणले, मामी, ह्या चालू हायत तवर अंगाला ऊन लागू देऊ नका. मी म्हणलं बरं. पण लगीनसराई, घरी बसून कसं भागंल? डोक्याला फडकं बांधलं, पदरात कांदा ठेवला. ऊन लागतं ते डोक्याला, हाताला कोण इचारतं?

काय सांगू तुमाला, थोड्याच दिसांत बोटं ठणकायला लागली अन् नखं शेंड्याकडून सुटली, पांढरी पडली. शेजारीण म्हणली, करणी हाय. आमचे मालक म्हणले, करणी करायला हिच्याजवळ हाय काय, काचा? मी हसले, पण भाचीचं लगीन तोंडावर आलं व्हतं, अन् आमच्यात नवरीचा चुडा मामीनंच भरायचा.

परत गेले तवा डागदरनं हात पालथे करून बघितले. म्हणले, डोकं झाकलं अन् हात उघडे ठेवले व्हय? ह्या गोळ्यांनी नखाला ऊन सोसत न्हाई. नवी येतील, पण महिने लागतील. मंग म्हणले, अंगठे कसे काय चांगले? मी म्हणलं, सायेब, भरताना अंगठा गिऱ्हाइकाच्या तळव्याखाली दडतो, तो सावलीतच की. डागदर लई हसले.

चुड्याच्या दिशी नणंद म्हणली, दुसरी कासारीण बोलवू. भाची म्हणली, मामीच भरंल, उशीर झाला तर होऊ द्या. बोटं बाजूला ठेवून नुसत्या अंगठ्यानं अन् तळव्यानं तिचा हात दाबत गेले, अंगणात बसून, साबणाच्या पाण्यात, सावकाश. एक बी बांगडी वाढली न्हाई, पिचली म्हणू न्हाई आमच्यात. पोरगी सारा वेळ दुसऱ्या हातानं माझ्यावर छत्री धरून बसली, म्हणली, आता दोघीवर धरत जा.

आता मोठी छत्री घेतलीय. नखं बी आली, बघा, अजून कवळी हायत.

ताई, तुमी मघापासून लिव्हताय, पण हात मोकळा. तुमचे मालक गेले म्हणता. ते गेले, हात तर हाय ना. सरका अशा सावलीत. हिरव्या नको वाटत असतील तर निळ्या घ्या. कुणी बोललं तर माझं नाव सांगा. सुखी ऱ्हावा.