पॉवरलूम बंद असताना

हे लिहिणारच नव्हतो, दुसऱ्यांच्या घरची गोष्ट आहे. मी आणि समाधान बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर बसलो होतो. मागच्या बाकावर भाऊ-बहीण बोलत होते.

"दादा, हे ऐक. माझा पॉडकास्ट एडिट करताना सापडलं."

"तुझाच आवाज आहे."

"आणि मागून कोण बोलतंय?"

"मी."

"लाइट गेली, पॉवरलूम बंद पडले, गल्ली शांत झाली, म्हणून मी गोधडीत शिरून रेकॉर्ड करत होते. तू बाजूच्या खोलीत लूम चालू असल्यासारखा फोनवर ओरडत होतास."

"आदत आहे, हिमानी. आपला पूरा मोहल्ला असाच बोलतो."

"मुलाच्या वडिलांना काय म्हणालास?"

"जाऊ दे ना."

"'लग्नानंतर पॉडकास्ट-बिडकास्ट बंद, जिम्मेदारी माझी.' मला विचारलं होतंस?"

"ते लोक नाही म्हणत होते. रिश्ता हातचा जात होता."

"जाऊ दे मग. आत्ता फोन लाव. सांग, ती बंद करणार नाही."

"इथं? लोक ऐकतायत."

"ऐकू दे."

मग रिंग ऐकू आली.

"हॅलो, काकाजी, योगेंद्र बोलतोय. एक बात सांगायची राहिली."

"मोठ्यानं, दादा."

समाधाननं माझा हात दाबला. त्याच्या बहिणीला, रंजिताला, उद्या मुलाकडचे बघायला येणार होते.

"तिला काय हवंय ते कोणी विचारलंच नाही यार. आज घरी सगळ्यांसमोर विचारतो. तू सोबत चल."

"चलतो," मी म्हणालो. "तुझे बाबा भडकले तरी उठणार नाही."